घरी काडतूस भरता येते का? गोव्यात पिस्तूल नेमबाजी सुरू करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एअर पिस्तुलात दोन कांस्यपदके मिळवली, त्यांतले एक सरबज्योत सिंगच्या जोडीने. त्याच आठवड्यात आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलीत कांस्य जिंकले. तेव्हापासून फोंड्याला आमच्या घरी येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी पिस्तुलाचा विषय काढतोच. मी कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवली, लग्नानंतर बरीच वर्षे काहीच केले नाही आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर एअर पिस्तूल हातात घेतले. आता गावातल्या काही मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना शिकवते. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

परदेशातले लोक पिस्तुलाची काडतुसे घरच्या टेबलावर भरताना व्हिडिओत दिसतात. मला गोव्यात तसे करता येईल का?

नाही, आणि यात पळवाट नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि तो कारखानदाराचा परवाना असतो, छंद म्हणून काही करणाऱ्याचा नव्हे. बऱ्याच जणांना ठाऊक नसते ते पुढचे. याच कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा ‘दारूगोळा’ म्हणूनच मोजली जाते. त्यामुळे ‘मी फक्त काडतूस भरायचे प्रेस यंत्र मागवतोय, दारू कुठे आणतोय?’ हा युक्तिवाद टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. हा प्रश्न विचारणारी बहुतेक मुले गुणी, अभ्यासू असतात. त्यांना यंत्रांची आवड असते, गैर काही करायचे नसते. म्हणूनच मी हे पहिल्या भेटीत आणि स्पष्ट सांगते.

मग तिकडे ते लोक नेमके काय करतात? निदान समजून तरी घेऊ द्या.

समजून जरूर घ्या, कारण नेमबाजीतली एक मोठी गोष्ट त्यात आहे. काडतुसाचे चार भाग असतात: पितळेची नळी, तिच्या बुडातली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी सुटली की दारू जळून जाते, पितळ उरते. ते फुगलेले असते, पण फेकण्यासारखे नसते. जिथे कायदा परवानगी देतो तिथे लोक हे पितळ साच्यातून दाबून मूळ मापावर आणतात, जुनी टोपी काढून नवी बसवतात, छापील तक्त्याप्रमाणे तोललेली दारू घालतात आणि नवी गोळी बसवतात. काडतुसातला सर्वांत महाग भाग पितळ असल्यामुळे पैसे वाचतात. पण जाणकारांना खरी ओढ असते ती एकसारखेपणाची. शंभरच्या शंभर काडतुसे एकाच वजनाची, एकाच जोराची व्हावीत यासाठी ते रात्र रात्र बसतात.

धोकाही तेवढाच. पिस्तुलाच्या एका काडतुसात दारू असते ती ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. लक्ष विचलित होऊन एकाच नळीत दोनदा दारू पडली तर पिस्तूल हातात फुटू शकते. दारू घालायचीच राहिली तर नुसती टोपी गोळीला ढकलते आणि गोळी बॅरलमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या नळीत, अडकते. ते न कळता पुढची गोळी मारली की बॅरल फाटते. तिकडचे अनुभवी लोक टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवतात आणि भरताना फोनसुद्धा उचलत नाहीत.

ही एकसारखेपणाची ओढ तुम्हाला खरोखर असेल, तर ती भागवण्याचा कायदेशीर रस्ता आपल्याकडे आहे. एअर पिस्तुलाचे छर्रे म्हणजे शिशाच्या बारीक गोळ्या, त्यातली हवा आणि स्वतःचा हात, या तिन्हींत ती पुरून उरेल इतकी आहे. पुढची सगळी उत्तरे त्याचीच.

माझ्याकडे परवान्याचे .३२ पिस्तूल आहे. माझीच रिकामी पितळे मी भरली तर?

तरीही नाही. तुमचा परवाना शस्त्र बाळगण्याचा आणि ठरावीक संख्येने काडतुसे विकत घेण्याचा आहे. काडतुसे परवानाधारक दुकानातूनच घ्यायची आणि तिथे नोंद करायची.

आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर आहे. तिच्यात दारू ठासून बघता येईल का?

गोव्यात जुन्या कुळागरांच्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागायतींच्या, घरांत हा प्रश्न अगदी खरा आहे. गवे, रानडुकरे, खेती म्हणजे माकडे, यांपासून बागायत राखायला पूर्वी कित्येकांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढला होता. आजोबा गेले, परवाना त्यांच्याच नावावर राहिला आणि बंदूक माळ्यावर गोणपाटात गुंडाळून पडली. अशी बंदूक घरात ठेवणे हाच गुन्हा ठरतो. ज्याच्या नावे परवाना होता तो गेल्यावर कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. मग वारसाने आपल्या नावे परवान्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. घाबरून विहिरीत टाकू नका आणि कोणाला देऊन मोकळे होऊ नका.

आणि ठासून बघायचे तर नावच नको. पन्नास वर्षे दमट माळ्यावर पडलेल्या नळीला आतून गंजाने कुठे खाल्ले आहे, हे बाहेरून दिसत नाही. शिवाय जुन्या माणसांपैकी कोणी तिच्यात दारू ठासून तशीच ठेवून दिली असेल, तर ती आजही आत असू शकते. म्हणून तिच्या तोंडाशी डोळा नेऊ नका.

फटाक्यांतली दारू काढून काही प्रयोग?

नरकासुराच्या रात्री मुले फटाके सोलून दारू गोळा करतात, ते मी पाहिले आहे. ती घासली तरी पेट घेते, बोटे आणि डोळे जातात. आईबाबांनो, मुलांच्या हातातून ती काढून घ्या.

बरे, मग घरी कायदेशीरपणे काय सुरू करता येते?

१० मीटर एअर पिस्तूल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतचे आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेले हवेचे शस्त्र घ्यायला परवाना लागत नाही. दुकानदार ओळख आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यावा आणि पावती जपून ठेवावी. स्पर्धेचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. साधारण अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, म्हणजे साडेपाच ज्यूल धरा.

परवाना लागत नाही याचा अर्थ ते खेळणे आहे असा नव्हे. तो छर्रा डोळा फोडू शकतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी दोन वाक्ये पाठ करतो: नळीचे तोंड नेहमी लक्ष्याकडे, आणि बोट नेम धरेपर्यंत ट्रिगरच्या बाहेर.

पिस्तूल रिकामे आहे हे बाजूच्याला कसे कळणार?

नळीतून आरपार जाणारी भडक नारिंगी दोरी घालून. स्पर्धेत ती सक्तीची असते, घरातही घालावी. दोरी दोन्हीकडून दिसते आहे म्हणजे आत छर्रा नाही, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते.

कोणते पिस्तूल घेऊ?

सहा महिने कोणतेच घेऊ नका. क्लबमध्ये किंवा ओळखीच्या नेमबाजाकडे जे असेल ते धरून बघा. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ ही नावे तुम्ही ऐकाल, सगळी उत्तम आहेत आणि सगळी लाखाच्या पुढे आहेत. वापरलेले घेतले तरी बॅरल वर्षानुवर्षे टिकते. खरी अडचण पिस्तुलाच्या मुठीची. हात छोटा आणि मूठ मोठी असली तर बोट ट्रिगरवर वाकडे पडते आणि ती सवय मग सुटत नाही. मूठ मापाची मिळाली की लाकडाचा लगदा लावून किंवा पॉलिश पेपरने घासून ती आपल्या तळहाताची करून घेता येते. नियमाप्रमाणे पिस्तुलाचे वजन दीड किलोपर्यंत चालते आणि ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो. बहुतेक पिस्तुले एक किलोच्या अलीकडे-पलीकडे असतात. एक लिटर पाण्याची बाटली एका हातात, हात सरळ करून, दहा सेकंद धरून बघा. मग कळेल काय विकत घेताय.

घरात १० मीटरची रेंज कशी करायची?

लक्ष्यापर्यंत १० मीटर, मागे उभे राहायला दीड मीटर आणि पुढे छर्रे अडवायची पेटी, असे बारा मीटर लागतात. आपल्या जुन्या घरांत हे जमते. आमच्याकडे मागच्या पडवीची लांबी नेमकी पुरली. राजांगण, म्हणजे आतला चौक, असलेल्या घरात ओसरीच्या एका बाजूने लेन काढता येते. पण तिथे माणसांची ये-जा असते, म्हणून मला ती जागा पसंत नाही. लेनमध्ये उघडणारे प्रत्येक दार आतून कडी लावून बंद झाले पाहिजे. नुसते ‘कोणी येऊ नका’ म्हणून ओरडणे पुरत नाही. चवथीला घर पाहुण्यांनी भरते, तेव्हा आमचे पिस्तूल पाच दिवस कपाटात कुलूपबंद असते.

छर्रे अडवण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले. सुरुवातीला मी पुठ्ठ्याचे खोके ठेवले आणि मागे चिऱ्याची भिंत आहे, ती अडवेल असे धरून चालले. चौथ्या की पाचव्या छऱ्याने पुठ्ठा पार केला, चिऱ्याच्या कडेला लागला आणि उलटून माझ्या मागे ठेवलेल्या तांब्याच्या कळशीवर आपटला. ‘टण्ण’ आवाज आला आणि मी पिस्तूल खाली ठेवले. छर्रा माझ्या कानाजवळून गेला होता. जांभा वरून मऊ वाटतो, पण त्यातला कठीण खडा छर्रा परत पाठवतो. गुळगुळीत सिमेंट त्याहून वाईट. त्या दिवसापासून आमच्याकडे जाड फळीची पेटी आहे. आत तिरक्या बसवलेल्या लोखंडी पत्र्यावर आपटून छर्रा खाली तळाच्या चिंध्यांत पडतो. पत्रा तिरका असला पाहिजे, सरळ उभा नको. पेटीच्या मागे आणि बाजूला जुनी सतरंजी टांगली आहे. आणि चष्मा: बघणाऱ्यासकट सगळ्यांच्या डोळ्यांवर.

लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १४० सेंटीमीटरवर येतो. कार्ड १७ सेंटीमीटर चौरस, काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा आणि दहा गुणांचे मधले वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे, आपल्या शर्टाच्या बटनाएवढे. कार्डावर भरपूर उजेड हवा. स्पर्धेत किमान १५०० लक्स लागतात. कार्डापासून थोड्या अंतरावर, वरून आणि तिरका असा एलईडी लावला की काम भागते. नेमबाजाच्या डोळ्यांत मात्र तो येता कामा नये.

फ्लॅटमध्ये राहते. बारा मीटर कुठून आणू?

पाच मीटरवर उभ्या राहा आणि काळा गोल अर्ध्या मापाचा, म्हणजे ३० मिलिमीटरचा छापून घ्या. साइटमधून, म्हणजे नेम धरायच्या खाच-पट्टीतून, तो तेवढाच दिसतो. गुण मोजायच्या भानगडीत पडू नका, छर्रा काही अर्धा होत नाही. तेही शक्य नसेल तर पांढऱ्या भिंतीसमोर उभ्या राहून छर्ऱ्याविना ट्रिगर दाबायचा सराव करा. बहुतेक पिस्तुलांत त्यासाठी वेगळी खटकी असते. मोठमोठे नेमबाजही बराच सराव असाच करतात.

छर्रे कोणते घ्यायचे?

चपट्या तोंडाचे. टोकदार आणि गोल तोंडाचे छर्रे बाजारात भरपूर मिळतात, पण चपटे तोंड कार्डात पंचिंग मशीनसारखे गोल भोक पाडते आणि गुण स्पष्ट वाचता येतो. छऱ्याची कंबर बारीक असते आणि मागचा घेर पोकळ, परकरासारखा. सुटताना हवा त्या घेरात शिरते, घेर फाकतो आणि नळीच्या आतल्या पिळांना चिकटतो. म्हणून घेर हा छऱ्याचा जीव. पिस्तुलाला ०.४५ ते ०.५३ ग्रॅमपर्यंतचे छर्रे वापरतात. डबीवर डोक्याचे माप असते: ४.४८, ४.४९, ४.५०. आरडब्ल्यूएस, एचअँडएन, जेएसबी अशा कंपन्यांच्या पाचशेच्या डब्या मिळतात.

कोणता चांगला? तुमच्या बॅरलला जो आवडेल तो. दोन अगदी सारख्या पिस्तुलांना वेगवेगळे छर्रे रुचतात. पिस्तूल पकडीत घट्ट बसवून एकेका डबीतले पाच-पाच छर्रे मारतात आणि भोके बघतात. चांगल्या जोडीत पाचही मिळून वाटाण्याएवढे एकच भोक दिसते. पकड नसेल तर पहिली दोन वर्षे या विचारात पडू नका. ठीकठाक प्रतीचा एकच प्रकार घ्या आणि तो बदलू नका.

छर्रे वजनाने निवडायचे असतात म्हणे?

हाच तो एकसारखेपणाचा नाद. मिलिग्रॅम दाखवणारा काटा घेऊन डबीतले छर्रे तोलता येतात. मीही एक अख्खी डबी तोलली आहे. चांगल्या डबीत फरक इतका थोडा निघाला की माझ्या कार्डावर त्याचा काही मागमूस दिसला नाही. ज्याचा हात दहाच्या वर्तुळात थांबतो त्याला कदाचित दिसेल.

घेर तपासण्याचा फायदा मात्र नवशिक्यालाही होतो. मी रात्री जेवणानंतर टेबलावर काच ठेवते, वर दिवा घेते आणि दहा-दहा छर्रे काचेवरून हळूच ढकलते. नीट छर्रा वळण घेत एका सुरात गडगडतो. घेराला पोचा असलेला मध्येच अडखळतो, थांबतो, उलटा फिरतो. भिंगाखाली धरला तर परकराची कड एका जागी आत वळलेली दिसते, नखाने दाबल्यासारखी. असा छर्रा मी वेगळ्या बाटलीत टाकते. डबी खाली पडली तर शंभर-दीडशे असे निघतात. म्हणून डबी खिशात खुळखुळवत फिरू नका, आणि स्कूटरच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका.

शिसे विषारी असते ना?

असते. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. लहान मुले आणि गरोदर बाया यांना धोका जास्त. सराव करताना खायचे-प्यायचे नाही, तोंडात छर्रे धरायचे नाहीत, झाल्यावर साबणाने हात धुवायचे. पेटीतला चुरा केरसुणीने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडके फेका. वापरलेले शिसे झाकणाच्या डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या. घरात वितळवू नका.

पिस्तुलात हवा कशी भरायची?

काडतूस भरण्याच्या सर्वांत जवळचे काम हेच. पिस्तुलाच्या नळीखाली छोटा सिलिंडर असतो आणि त्यात २०० बार दाबाने हवा भरतात. स्कूटरच्या टायरात साधारण २ बार असते, म्हणजे इथे शंभरपट. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरचे हे काम नव्हे. एका भरण्यात पिस्तुलाप्रमाणे दीडशेच्या आसपास छर्रे सुटतात.

दोन मार्ग आहेत. पहिला, पायाने पट्टी दाबून धरायचा उभा हातपंप. व्यायाम चांगला होतो, पण प्रत्येक दट्ट्याबरोबर आपल्याकडची ओली हवा आत जाते. मी पहिल्या वर्षी जुलैभर पंपाने भरत राहिले. ऑगस्टमध्ये छर्रे खाली पडायला लागले, एकाच नेमाला कधी आठ, कधी सहा. मी हाताला दोष देत बसले. शेवटी पिस्तूल दुरुस्तीला पाठवले, तेव्हा आत ओलाव्याने गंजाची पावडर झाली होती आणि हवा मोजून सोडणारा भाग नीट बसत नव्हता. आता पंप वापरलाच तर थोडे दट्टे मारून थांबते, पंपाचा ओलावा सोडते आणि मग पुढे जाते.

दुसरा मार्ग गोव्यातल्या माणसाला सहज मिळतो: डायव्हिंगचा सिलिंडर. ग्रँड आयलंडला पाणबुडे नेणाऱ्यांकडे श्वासाची हवा भरायचा कॉम्प्रेसर असतो आणि त्यातली हवा गाळून कोरडी केलेली असते. १२ लिटरच्या सिलिंडरात २०० बारला २४०० लिटर हवा मावते. जोडणीचा अ‍ॅडॉप्टर पिस्तुलाबरोबर येतो किंवा वेगळा मिळतो. झडप अगदी हळू उघडायची. हवा दाबली की तापते, घाईने भरली तर काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८० वर येतो. मोठ्या सिलिंडरात १५० उरले असतील तर पिस्तुलातही १५० च्या वर जाणार नाही, म्हणून टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत वाट बघू नका.

आणि हे डोळ्यांत तेल घालून पाळा. ऑक्सिजन कधीही भरू नका, स्फोट होतो. जोडणीला तेल किंवा ग्रीस लावू नका. भरताना सिलिंडरच्या तोंडासमोर उभे राहू नका. पिस्तुलाच्या सिलिंडरवर मुदत लिहिलेली असते, साधारण दहा वर्षांची, ती उलटली की तो वापरातून काढा. मोठ्या टाकीच्या गळ्यावर हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची, तारीख ठोकलेली असते, तीही बघा. ‘अजून चांगला दिसतोय’ हा निकष नाही.

पावसाळ्यात काय सांभाळायचे?

पहिले म्हणजे घाम. तळहाताचा खारट घाम नळीवर लागला की दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके दिसतात. सराव झाल्यावर तेलाचा हात फिरवलेले मऊ फडके बाहेरून फिरवा, नळीतून लोकरीची गोळी मारा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्याला बदला किंवा तापवून कोरड्या करा. अक्रोडाची मूठ पावसात फुगते. जूनमध्ये घट्ट वाटते, जानेवारीत हलते. घासायची घाई करू नका.

कार्डही बदलते. एप्रिलमध्ये छर्रा लागला की ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि भोकाची कड ब्लेडने कापल्यासारखी गोल. जुलैमधले कार्ड हातात घेतले तर भिजल्या पापडासारखे लवते. छर्रा त्याला कापत नाही, फाडतो. भोकाभोवती कागदाची लव उभी राहते आणि नऊ की दहा यावर घरात वाद होतात. मी कार्डे तांदळाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, झाकण घट्ट लावून.

नेम कसा धरायचा?

एक हात, तोही मोकळा. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. पाय खांद्याएवढे फाकलेले, शरीर लक्ष्याला जवळजवळ आडवे. डोळे मिटून हात उचला, डोळे उघडा. पिस्तूल लक्ष्याच्या डावीकडे-उजवीकडे निघाले तर हात वळवू नका, मागचा पाय सरकवा. हात वळवून धरलेला नेम ट्रिगर दाबताना परत आपल्या जागी जातो.

आता बघायचे काय? नवा माणूस काळ्या गोलाकडे टक लावतो. चूक तिथेच. डोळ्याने एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसते, आणि ते पुढच्या साइटचे हवे. मागच्या खाचेत पुढची पट्टी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, माथा सपाट एका रेषेत. काळा गोल वर धूसर तरंगत असू द्या.

यामागे साधे गणित आहे. दोन साइटमधले अंतर साधारण ३२ सेंटीमीटर. पुढची पट्टी खाचेत एक मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर छर्रा ३१ मिलिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ चार वर्तुळे. पण पट्टी आणि खाच जुळलेली राहून अख्खा हातच एक मिलिमीटर हलला, तर छर्राही एकच मिलिमीटर हलतो. हात हलणारच, जिवंत माणसाचा आहे. तो हलताना साइट जुळलेली ठेवायची आणि ट्रिगर सरळ मागे, एका दमात, दाब वाढवत न्यायचा. ‘आता!’ म्हणून खेचला की गेला. आठ सेकंदांत सुटला नाही तर हात खाली घ्या, श्वास घ्या, पुन्हा उचला. माझ्या विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाते ते हेच, उचललेला हात न मारता खाली घेणे.

छर्रा सुटल्यावरही दोन सेकंद तसेच थांबा.

मुलांना कितव्या वर्षी?

वयापेक्षा खांदा बघा. साधारण बारा वर्षांनंतर, आधी स्टँडवर टेकवून, थोडा वेळ. मोठे माणूस शेजारी उभे राहणार नसेल तर नाहीच.

खेती नारळ-केळी खातात. छऱ्याने हाकलता येतील?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ माकडांना आणि शेकरूला लागू आहे, आणि परवाना न लागणारे पिस्तूल आहे म्हणून तो सुटत नाही. छर्रा माकडाला मारत नाही, जखमी करतो, आणि ते जखम घेऊन दिवसेंदिवस फिरते. कुळागराचे नुकसान मी जवळून बघते. त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करा. माझ्याकडे शिकणाऱ्याने एकदा जरी जिवंत प्राण्यावर नेम धरला तर मी त्याला पुन्हा शिकवत नाही.

स्पर्धेपर्यंत कसे जायचे?

राज्य रायफल संघटनेच्या सदस्यत्वापासून. राज्य स्पर्धेत ठरलेले गुण केले की मावळंकर स्पर्धा आणि तिथून राष्ट्रीय, अशी साधारण वाट आहे. ही स्पर्धा ज्यांच्या नावाने ते ग. वा. मावळंकर लोकसभेचे पहिले सभापती, मूळ घराणे कोकणातले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच. एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० छर्रे, कमाल ६०० गुण. पूर्वी बायकांना ४० छर्रे असत, २०१८ पासून दोघांना सारखेच.

रोज किती छर्रे मारावेत?

सुरुवातीला तीस, आठवड्यातून चार दिवस, आणि त्याआधी वीस वेळा छर्ऱ्याविना. मी प्रत्येक कार्डावर तारीख, छऱ्याची डबी, सिलिंडरचा दाब आणि हवामान पेन्सिलीने लिहिते. पेनची शाई जुलैत पसरते. गुण सर्वांत शेवटी लिहिते, आणि कार्डे महिन्याच्या गठ्ठ्याने दोरीने बांधून ठेवते. तुमच्या पहिल्या महिन्याचा गठ्ठा घेऊन या, मग आपण तुमच्या मुठीबद्दल आणि छऱ्याबद्दल बोलू.